हरताळाखालची तारीख

पोथीचा रुमाल सोडला की नाकाला आधी कापूर लागतो, मग जुन्या कापडाची धूळ आणि सगळ्यांत शेवटी डिंक. डिंकाचा वास सावकाश येतो आणि बराच वेळ राहतो. गेल्या मंगळवारी अप्पांचा लाल रुमाल माझ्या मांडीवर होता, आणि तो वास येईपर्यंत मी गाठ सैल करून नुसती बसून होते.

अनघा, ईशान, अप्पा म्हणजे माझे वडील, तुमच्या बाबाचे आजोबा. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत, उंच पायऱ्यांचे दोन जिने चढून गेलं की एका अंगाला त्यांची वेदपाठशाळा आणि दुसऱ्या अंगाला आमचं घर. तिथे आता माझ्या धाकट्या भावाची बायको एकटी राहते, आणि पुढच्या महिन्यात तीही मुलीकडे पुण्याला जायची आहे. तिनेच मला बोलावून घेतलं.

"वन्सं, अप्पांचे हे चार बस्ते तुम्ही घेऊन जा ना. तिकडे मुलीचा फ्लॅट एवढासा, जागा बिलकुल नाही."

"माझ्याकडे तरी कुठे आहे गं?"

"तुमच्याकडे पुस्तकंच पुस्तकं. त्यात हे चार कोणाला दिसणार? आणि मला तर भीती वाटते, देवाचं काही भंगारात गेलं तर पाप लागायचं."

आमची काशीतली मराठी अशीच आहे, पोथीला बस्ता म्हणणारी आणि मध्येच 'बिलकुल' म्हणणारी. तुमच्या बाबाला त्यावरून पुण्याच्या हॉस्टेलात पोरं चिडवायची.

मी बस्ते घेऊन आले ते अनघाच्या प्रश्नामुळे. अमेरिकेतून फोनच्या पडद्यावर तू सहज विचारलंस, "आजी, तू जन्मभर अमेरिकेचा इतिहास शिकवलास, मग शिकायला इकडे का नाही आलीस?" मी म्हटलं, जमलं नाही. तेवढ्यात ईशानला दूध हवं झालं आणि विषय संपला. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या चार रुमालांपैकी एकात बांधलेलं होतं, हे मला माहीत होतं. सगळं उत्तर मलाही माहीत नव्हतं, हे मंगळवारी कळलं.

अप्पा पोथ्यांच्या नकला करत. सुटी लांबट पानं, बोरूची लेखणी, घरी केलेली काळी शाई. नक्कल करताना अक्षर चुकलं तर खोडायचं नाही, खरवडायचं नाही. त्यावर हरताळ लावायचा. हरताळ म्हणजे एक पिवळा दगड. तो सहाणेवर उगाळायचा, त्यात डिंकाचं पाणी घालायचं आणि काडीला कापूस गुंडाळून चुकलेल्या अक्षरावर हळूच फासायचा. तो उगाळायचं काम माझं. दगड विषारी, म्हणून आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "हात धुतल्याशिवाय कशाला शिवू नकोस गं." माझ्या नखांच्या कडा आठ आठ दिवस पिवळ्या असायच्या. समोर पाठशाळेत संथा चाललेली, खाली नावाड्यांच्या हाका, आणि माझ्या पुढ्यात सहाणेवर ते हळदीहून उजळ पिवळं.

"अप्पा, खालचं अक्षर दिसतंय की अजून," मी एकदा म्हटलं.

"दिसू दे. हरताळाखालचं वाचायचं नसतं."

"का?"

"लिहिणाऱ्याने चूक कबूल केलेली असते. पुन्हा वाचून त्याला लाजवायचं कशाला?"

मी आठ-नऊ वर्षांची असेन, एक दिवस चौकातली सगळी दुकानं बंद होती. कचोरीवाल्याची कढईसुद्धा थंड. लोक म्हणाले, आज हरताळ आहे. मी घरी येऊन विचारलं की दुकानांना पिवळं तर कोणी काही लावलेलं नाही. अप्पा हसले नाहीत. जरा विचार करून म्हणाले, "लावलंय की. सरकारचं काहीतरी चुकलंय, असं दुकानदार सांगताहेत. दिसत नाही इतकंच."

शब्दांची व्युत्पत्ती अर्थातच तशी नाही. पुढे मी कोश उघडून खात्री करून घेतली. पण माणसं मिळून 'हे चुकलं' असं कशी म्हणतात, याची गोडी मला तिथे लागली, आणि तीच पुढे माझा विषय झाली.

विद्यापीठात एम.ए.ला होते तेव्हा सरकार सर भेटले. बंगाली, काटक, छत्रीशिवाय न दिसणारे. अप्पा त्यांच्या नावाची थट्टा करत. "आज तुमच्या सरकारने काय हुकूम काढला?" असं मी घरी आले की विचारायचे, आणि आई म्हणायची, "चारचौघांत असं बोलू नका, लोकांना जावई वाटतील." सरांनी मला अमेरिकेतल्या चळवळींवर काम करायला लावलं. ग्रंथालयात तिकडची वर्तमानपत्रं बोटीने यायची, दोन-तीन महिने शिळी. त्यांच्या कागदाला एक गोडसर, ओलसर वास असे. मी टिपणं काढायची ती लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर. आमच्या ब्रह्मा घाट, दुर्गा घाटाकडच्या ओळखीच्या घरांतून पत्रिका यायच्या, जाड आणि कोपऱ्यांना हळद लागलेल्या. माझ्या टिपणांवर एका बाजूला गणपती आणि दुसऱ्या बाजूला मतदानाचा हक्क.

त्यांतल्याच एका वर्तमानपत्रात मला त्या बायका सापडल्या. अमेरिकेच्या दक्षिणेतलं एक शहर. काळ्या माणसांनी बसमध्ये मागे बसायचं, गोऱ्याला जागा सोडायची, असा तिथला नियम. तो मानणार नाही म्हणून लोक बसमध्ये चढेनासेच झाले. वर्षभर. त्यांत धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बायका होत्या. त्या रोज कित्येक मैल चालत कामावर जायच्या आणि चालत परत यायच्या. वर्तमानपत्रात पुढाऱ्यांची भाषणं रकानेच्या रकाने, आणि या बायकांचा फक्त एक फोटो. पाठमोऱ्या, पिशव्या घेतलेल्या.

मला त्यांना भेटायचं होतं. पाठमोऱ्या नव्हे, समोरून. मी प्रश्नांची यादी केली. सकाळी किती वाजता निघायचात? मुलांना कोण सांभाळायचं? वाटेत काय बोलायचात? पुढाऱ्यांना विचारायला सगळे जात होते. हे कोणी विचारणार नव्हतं. मी ती यादी आईला मराठी करून वाचून दाखवली. आईचं सगळं आयुष्य पायऱ्यांवर गेलेलं, गंगेवर रोज अनवाणी जाणं-येणं. ती डाळ निवडता निवडता ऐकत होती.

"एक राहिलं," ती म्हणाली. "घरी पोचल्यावर पायांना काय लावायच्या, ते विचार."

आई स्वतः तूप लावून काशाच्या वाटीने तळवे घासायची. तो प्रश्न मी यादीत सर्वांत वर लिहिला. अजूनही त्या यादीतला सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे.

सरांनी सांगितल्याप्रमाणे मी एका वर्षाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. उत्तर दिवाळीच्या सुमाराला येईल, असा सरांचा अंदाज होता.

आता नवरात्राचं सांगते, कारण सगळं तिथे आहे. आमच्या घरी सरस्वतीपूजन चार दिवसांचं असे. मूळ नक्षत्रावर पुस्तकं पाटावर मांडायची आणि श्रवण नक्षत्रावर, म्हणजे बहुधा दसऱ्याला, उठवायची. तोवर घरात अनध्याय. वाचायचं नाही, लिहायचं नाही, पाठशाळेत संथा नाही. ती शांतता मला फार आवडायची. गंगेचा पूर ओसरलेला, घाटांवरचा गाळ पंप लावून धुणं चाललेलं, त्या ओल्या मातीचा वास गल्लीभर. पाटावर खाली अप्पांच्या पोथ्या, वर माझी इंग्रजी पुस्तकं, त्यावर झेंडू आणि अक्षता. माझ्या अमेरिकेला अप्पांनी वेदांच्या शेजारी बसवलं, यावर गल्लीतले भटजी काय काय बोलत ते मला माहीत होतं. "शास्त्रीबुवांची मुलगी म्लेंच्छपुराण सांगणार" असं एकजण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला होता. अप्पांनी त्याला विचारलं, "तुम्ही ऐकायला येणार ना?"

त्या वर्षी दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरांकडे अष्टमीच्या भोगाला गेले होते. परत आले तर पाटावर सगळ्यांत वर एक पाकीट. कडेला लाल-निळे पट्टे. त्यावर हळद, कुंकू आणि एक झेंडूचं फूल.

"अमेरिकेहून आलंय," अप्पा म्हणाले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण पट्टे ओळखता येत होते. "पोस्टमन म्हणाला, सही करा. मी म्हटलं, आधी सरस्वतीला दाखवतो."

"अप्पा, उघडून बघते की."

"आता पूजेत बसलंय ते. परवा पुस्तकं उठली की उघड. परवा म्हणजे काय लांब आहे?"

"अहो, द्या तिला," आई म्हणाली.

"अगं, चांगली बातमी आहे. चांगली बातमी शिळी होत नाही."

मी हात पुढे केला असता तर त्यांनी धरला नसता. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण ज्या माणसाने गल्लीचं ऐकून घेऊन मला शिकवलं, त्याच्यासाठी दोन दिवस थांबायला मला काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. उत्तर दिवाळीला यायचं, ते आत्ताच आलं; घाई कसली? मी पाकिटालाही नमस्कार केला.

श्रवणावर पुस्तकं उठली. अप्पांनी पाकीट स्वतः उचलून, फूल काढून माझ्या हातात दिलं. पत्र आधीच वाटेत रखडलेलं होतं. शिष्यवृत्ती मंजूर झाली होती. होकार दहा तारखेपर्यंत तारेने कळवावा, न आल्यास जागा दुसऱ्याला दिली जाईल, असं लिहिलं होतं. त्या दिवशी अकरा तारीख होती.

"काय म्हणतात?" अप्पांनी विचारलं.

"माझं काम आवडलं म्हणतात."

"आणि?"

"आणि काही नाही. आशीर्वाद दिलाय."

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. "अमेरिकेवाले आशीर्वाद कधीपासून द्यायला लागले?" ते म्हणाले, आणि मग शमीची पानं आणायला गेले. काशीत आपटा सहज मिळत नाही, आम्ही शमीचं सोनं वाटतो.

दुसऱ्या दिवशी मी सरांना पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून तारीख वाचली आणि छत्री उचलली. "चलो, तारघर चलते हैं।"

"क्या लिखूँ, सर?"

"जो हुआ वही। लिखो, किताब पूजा में बैठा था। हमारा घर में भी बैठता है।"

"हँसेंगे।"

"हँसने दो। हँसकर भी लोग जगह दे देते हैं।"

मी नाही म्हटलं. सरांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी छत्री कोपऱ्यात उभी करून ठेवली.

इंग्रजी शाळेत शिकले होते ना मी. आपल्या घरात चार दिवस कोणी वाचत नाही, पत्राला कुंकू लावतात, हे त्या टंकलेखन केलेल्या सुबक पत्राला उत्तर म्हणून लिहायची मला लाज वाटली. अनघा, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझी संधी अप्पांच्या पूजेने गेली असं मी मनात धरून बसले, पण एक दिवसाचा उशीर फक्त पूजेचा होता. नंतरचे सगळे दिवस माझे. ज्या बायका वर्षभर चालल्या त्यांच्यावर मी प्रबंध लिहिला, आणि मला तारघरापर्यंत चालवलं नाही.

प्रबंध झाला. वर्तमानपत्रांवरून, अहवालांवरून, पुढाऱ्यांच्या भाषणांवरून. बायकांचं प्रकरण नऊ पानांचं झालं, आणि त्याच्या तळटिपेत मी लिहिलं की प्रत्यक्ष मुलाखती घेणे शक्य झाले नाही. मग लग्न, तुमच्या आजोबांची रेल्वेची नोकरी, तुमचा बाबा. मी अधिव्याख्याती झाले, प्रपाठक झाले, निवृत्त होताना प्राध्यापक होते. दर वर्षी नव्या वर्गात कोणीतरी विचारायचं, "मैडम, आप अमेरिका में कितने साल रहीं?" आणि मी म्हणायची, "एक भी दिन नहीं।" वर्ग हसायचा. मी फळ्याकडे वळून नकाशा काढायची. तो नकाशा मला अजून डोळे मिटून काढता येतो.

मी सरांकडून घरी परत आणलेलं ते पाकीट अप्पांनी मागून घेऊन आपल्या पोथीच्या रुमालात ठेवलं, आणि दर नवरात्रात पोथ्यांबरोबर पाटावर मांडलं. दर वर्षी नवं कुंकू. मीही माहेरी जाऊन दर वर्षी हात जोडले. हुकलेल्या पत्राची पूजा माझे वडील अभिमानाने करताहेत आणि मी त्यांना खरं सांगत नाही, याचं ओझं व्हायचं. त्यांचा अभिमान मोडायचा नाही, एवढंच ठरवलं होतं.

एक गोष्ट मात्र बदलली. पुढच्याच नवरात्रात अनध्यायाच्या दिवशी माझ्या नावाचं कसलंतरी साधं पत्र आलं. अप्पा ते घेऊन जिन्यात येऊन उभे राहिले होते, मी वर चढायच्या आत.

"उघड," ते म्हणाले.

"पुस्तकं बसलीयत ना, अप्पा?"

"अनध्याय पुस्तकांना. पत्राला अनध्याय नसतो."

"हे कुठल्या ग्रंथात आहे?"

"आहे. तू उघड आधी."

असा नियम कुठेही नाही. जन्मभर शास्त्राबाहेर पाऊल न टाकलेल्या माणसाने तो कुठून आणला, हे मी विचारलं नाही. वय झालं, सैल झाले, असं मला वाटलं. त्यानंतर ते होते तोवर, पूजा असो, सोवळं असो, पोस्टमनकडून आलेलं पत्र ते हातातलं काम टाकून ज्याचं त्याला नेऊन द्यायचे.

तुमच्याकडे मी दोनदा आले. दुसऱ्या वेळी तुमच्या बाबाने गाडीने मला त्या दक्षिणेतल्या शहरात नेलं, आठवतं? ईशान मागच्या सीटवर झोपलेला होता. मी त्या रस्त्यावरून थोडीशी चालले. रुंद फुटपाथ, कापलेल्या गवताचा वास, एक बंद पडलेलं दुकान. तिथल्या लहानशा संग्रहालयात एक मुलगी होती, फार अदबीने बोलली. त्या बायकांपैकी कोणी भेटेल का, असं मी विचारलं. त्यांच्या माहितीतल्या शेवटच्या बाई आदल्या हिवाळ्यात गेल्या, असं ती म्हणाली. भिंतीवर तोच फोटो होता, मोठा केलेला. मोठा केल्यामुळे त्यांच्या चपला-बूट दिसत होते. एकीच्या टाचेत घडी करून खोचलेला कागद मला दिसला. हे सांगायला आता आई नव्हती.

मंगळवारी मी रुमाल पूर्ण सोडला. पोथ्यांच्या मध्ये ते पाकीट होतं. लाल-निळे पट्टे फिके पडलेले, वर कुंकवाचे थरावर थर, हात लावला की भुगा पडत होता. मी पत्र बाहेर काढलं, तर त्यातून आणखी एक कागद आला. वहीचं पान, घडी केलेलं. त्यावर सरकार सरांचं अक्षर मी लगेच ओळखलं. देवनागरीत, हिंदीत, सगळं पत्र उतरवून दिलेलं. "आपकी लड़की को एक साल का वृत्ति मिला है।" 'मिला' असंच. सरांच्या हिंदीत वृत्ती, किताब, चिठ्ठी सगळे पुरुषच असत.

अप्पा माझ्या अपरोक्ष सरांकडे गेले होते. केव्हा गेले हे आता कळायला मार्ग नाही, पण पुढच्या नवरात्राच्या आत, एवढं नक्की. मला न विचारता दोन्ही पत्रं एकत्र घडी करून त्यांनी ठेवून दिली. म्हणजे इतकी वर्षं पाटावर त्यांनी अभिमान मांडलाच नव्हता. ते हात जोडायचे, मी हात जोडायची, दोघंही तेच जाणून, शेजारी शेजारी बसून. आणि आई दोघांच्या पुढ्यात तीर्थ धरायची.

तो कागद खिडकीपाशी नेला. सरांनी लिहिलेल्या ओळींत एकच ओळ मला सलग वाचता येईना. तार कधीपर्यंत करायची ती ओळ. तिथे 'दस तारीख' या दोन शब्दांवर पिवळं काहीतरी होतं. अगदी बेताने, कडेला न सांडता, अक्षराच्या मापाने फासलेलं. वर्षांनी त्याला तडे गेले होते, पण रंग तसाच होता, हळदीहून उजळ.

मी त्याला नखही लावलं नाही. खालची अक्षरं तड्यांतून दिसत होती. ती मला पाठ आहेत. मी वाचली नाहीत.

एक दिवस तरी मी म्हणायला हवं होतं, अप्पा, चूक तुमची एका दिवसाची, बाकीची माझी. त्यांनी तो पिवळा दगड एकट्याने उगाळला असेल. उगाळणारी मी, आणि त्या दिवशी मी तिथे नव्हते.

उद्या सकाळी पोस्टात जाऊन हे पाकीट तुमच्याकडे पाठवते आहे. दोन्ही पत्रं आत आहेत, आणि एका लग्नपत्रिकेमागे माझी प्रश्नांची यादी. त्या बायका नाहीत, पण त्यांच्या मुली-नाती असतील, आणि तुम्ही त्या देशात आहात. पहिला प्रश्न तुमच्या पणजीचा आहे, तो आधी विचारा. पिवळ्याखालचं वाचू नका. आणि पाकीट हातात पडलं की तिथल्या तिथे उघडा, परीक्षा असो, पाहुणे असोत, नाहीतर घरी पूजा असो. पत्राला अनध्याय नसतो.